फळीवरचा पहिला जॉब

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्याच्या हद्दीतला, कुठल्या पंचनाम्याला कोण पंच होतं, सांगायला गेलो की घोटाळा होतो आणि बायको मला दुरुस्त करते. पण एका केसमधला शब्द न् शब्द लख्ख आठवतो, आणि आठवला की अजून अंगावर काटा येतो. त्या केसमध्ये रक्ताचा थेंब सांडला नव्हता. मुद्देमाल म्हणजे वीतभर लांबीचा धातूचा एक व्हॉल्व्ह होता, आणि त्याच्या पोटात गुलाल होता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी कोल्हापूरला स्थानिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. वरून आदेश आला की पुण्याला प्रशिक्षणाला हजर व्हा. विषय वाचला आणि हसू आलं. जगातल्या काही देशांवर निर्बंध घातलेले असतात. बॉम्बला, विषारी वायूला लागणारा माल त्यांना कुणी विकायचा नाही असं बाकीच्यांनी मिळून ठरवलेलं असतं. पूर्वी गाव एखाद्या घराला वाळीत टाकायचं, तसलाच प्रकार. हे निर्बंध आपल्याकडं नीट पाळले जावेत, चोरून जाणारा माल पकडता यावा, म्हणून एका परदेशी सरकारनं आपल्या देशाला अनुदान दिलं होतं. त्यातून यंत्रं येणार होती आणि अधिकाऱ्यांना शिकवलं जाणार होतं. कस्टमवाल्यांबरोबर कारखानदारी असलेल्या जिल्ह्यांतले आम्ही पोलीसही बोलावले होते.

आमच्याकडं तेव्हा काय चालायचं, तर मटका, सीमेपलीकडून येणारी दारू, आणि संस्थेची निवडणूक लागली की फुटणारी डोकी. विषारी वायूचा आणि कोल्हापूरचा काय संबंध, असं मी चिडून म्हणालो. माझे हवालदार शांतपणे म्हणाले की साहेब, पुण्याचा भत्ता मिळतोय, जावा.

शिकवायला पिकल्या केसांची एक परदेशी बाई होती. तिची उभी हयात बंदरावर पेट्या उघडण्यात गेलेली. तिच्या हातात पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. धातूला टेकवून घोडा दाबला की तो धातू कशाकशाचा बनला आहे ते पडद्यावर उमटायचं. तिनं ते माझ्या कमरपट्ट्याच्या बकलाला लावलं आणि तांबं किती, जस्त किती, घडाघडा वाचून दाखवलं. खरं सांगतो, माझं तोंड उघडंच राहिलं. मुद्देमालातलं सोनं खरं की खोटं हे ठरवायला आम्हाला सराफाच्या दुकानात ताटकळावं लागायचं, आणि ही बाई नुसतं टेकवून सांगत होती. ती म्हणाली की असला माल कधी बॉम्ब म्हणून जात नाही, शेतीपंपाचा सुटा भाग म्हणून जातो. मी मान डोलावली आणि जेवणाच्या सुट्टीची वाट बघू लागलो.

काही महिन्यांनी मुंबईच्या बंदरातून फोन आला. त्या प्रशिक्षणात माझ्या शेजारी बसलेला कस्टमचा अधिकारी बोलत होता. शेतीपंपाचे बिडाचे, म्हणजे साध्या ओतीव लोखंडाचे व्हॉल्व्ह म्हणून परदेशी निघालेली एक पेटी त्यांनी अनुदानातून आलेल्या यंत्रानं तपासली होती. बीड कसलं आणि काय! भरपूर निकेल असलेला, अॅसिडलाही दाद न देणारा महागडा धातू निघाला. असे व्हॉल्व्ह विषारी रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात लागतात, आणि माल जिथं चालला होता त्याच्या शेजारच्याच देशावर निर्बंध होते. तिथून तो पुढं कुठं जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. कागदांवर पाठवणाऱ्याचा पत्ता परराज्यातला होता आणि त्या पत्त्यावर पिठाची गिरणी निघाली. एवढ्यावर भागलं नाही. एका व्हॉल्व्हचं प्लास्टिकचं बूच काढलं तर आतून गुलाबी पूड सांडली.

झालं. गोदाम रिकामं केलं गेलं, तोंडाला फडकी बांधली गेली, नमुना प्रयोगशाळेत रवाना झाला. प्रशिक्षणातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या माणसांना फोन सुरू झाले की असलं ओतकाम तुमच्याकडं कुठं होतं का, येऊन बघा. ओतकाम म्हटल्यावर कोल्हापूरला फोन येणारच.

मी गेलो. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोघेजण तो व्हॉल्व्ह मला लांबूनच दाखवत होते. गुलाबी पुडीत एक सुकलेली काडी दिसत होती. मी पिशवी मागितली तर देईनात. मला असल्या वेळी राग आवरत नाही. मी ती सरळ ओढून घेतली, तोंड सोडलं आणि नाक आत घातलं. दवण्याचा वास. गुलाल आणि दवणा. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "ज्योतिबाच्या नावानं चांगभलं."

कस्टमवाल्याला वाटलं, विष डोक्यात चढलं. त्यानं डॉक्टरला हाक मारली. मग मी त्याला समजावून सांगितलं की चैत्रात ज्योतिबाच्या डोंगरावर एकदा गेलेला माणूस हा वास मरेपर्यंत विसरत नाही. आम्ही शाहूवाडीकडची माणसं, लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून गुलालात न्हालेलो. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर यायचा तो आला आणि गुलालच आहे म्हणाला.

परतीच्या गाडीत मात्र माझं हसू विरलं. कुठल्या तरी लांबच्या देशात माणसं गुदमरवून मारायच्या कारखान्यात बसणारा हा नग, आणि त्याच्या पोटात आमच्या देवाचा गुलाल. आमच्या गावच्या भट्टीतून निघालेली वस्तू एवढ्या लांब, एवढ्या भयंकर जागी पोचू शकते, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं. पुण्याचं ते प्रशिक्षण मी थट्टेवारी नेलं होतं. आता ती बाई आठवून मी मनात हात जोडले.

उद्यमनगरात, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, साध्या कपड्यात माणसं सोडून उपयोग नसतो. पहिल्या गल्लीत पोलीस शिरला की शेवटच्या गल्लीला कळतं. म्हणून मी उघडपणे जाऊन चहाच्या गाड्यावर बसलो आणि विचारलं की कारखान्यात जॉबला, म्हणजे तयार झालेल्या नगाला, गुलाल-दवणा कोण वाहतं. चहावाल्यानं क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाला, "ते अप्पांच्यात. पहिला जॉब देवाचा."

रीत अशी होती. नव्या साच्यातून पहिला बिनदोष जॉब निघाला की तो गिऱ्हाइकाला द्यायचा नाही. त्याला गुलाल लावायचा, पोकळी असेल तर आत दवण्याची काडी ठेवायची आणि कारखान्यातल्या देवाच्या फळीवर चढवायचा. गिऱ्हाइकाला त्याच्या बदली वरचा एक करून द्यायचा. अप्पांच्या वडिलांनी ही रीत पाडली आणि अप्पांनी ती कधी मोडली नाही. चहावाला म्हणाला की देवाचा जॉब विकणं म्हणजे त्या घरात देवळातली मूर्ती विकण्यासारखं आहे. मी चहाचा कप खाली ठेवला. मग तो पेटीत गेला कसा?

अप्पांच्या कारखान्यात शिरलो तेव्हा भट्टीतून रस ओतायचं चाललं होतं. मी गणवेशात, बरोबर दोन शिपाई. कुणी मान वळवली नाही. रस ओतताना तिथं कुणी बोलत नाही अशी शिस्त होती. वितळलेला धातू डोळ्यांना सोसवत नव्हता, आणि माणसं इतकी अलगद वागत होती की जणू झोपलेलं मूल उचलून दुसऱ्या पाळण्यात ठेवतायत. मीही गप्प उभा राहिलो. अटकेला गेलेला पोलीस असा उभा राहिल्याचं मला दुसरं आठवत नाही.

अप्पा साठीचे, कपाळाला विभूती, हात भाजल्याच्या जुन्या डागांनी भरलेले. कसबा बावड्यात राहायचे. सीमाभागातून आलेलं लिंगायत घर, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारं. भट्टी शांत झाल्यावर त्यांनी मला खुर्ची दिली आणि माझी नजर भिंतीवरच्या फळीवर गेली. बापाच्या काळातल्या ऑइल इंजिनच्या भागापासून पुढचे सगळे पहिले जॉब ओळीनं मांडलेले. प्रत्येकावर गुलाल. आयुष्यभराचं काम एका फळीवर असं उभं असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला तिथं पायताण घालून उभं राहायची लाज वाटली. आणि त्या ओळीच्या शेवटी एक जागा मोकळी होती. धुळीत गोल उमटलेला होता.

चौकशीला पहिला प्रश्न मी गुन्ह्याचा कधी विचारत नसे. जेवलात का, गुडघे दुखतात का, इथून सुरुवात करायचो. अपराधी माणूस प्रश्नापेक्षा जास्त सांगतो, हा माझा अनुभव. अप्पा विचारलं तेवढंही सांगेनात. एवढंच बोलले की काम जावयानं आणलं होतं, डिस्टिलरीला पाहिजेत म्हणून. नंतर मी मुंबईत पकडलेल्या मालाचा फोटो पुढं ठेवला. त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "व्हय, मीच पाठवले. लिवा."

माल कुठं चालला होता ते ठाऊक होतं का, विचारलं. व्हय म्हणाले. कुणाशी बोलणं झालं, कुठून गाडी गेली, पेटी कुणी भरली, कशालाच उत्तर नाही. फक्त मीच, मीच. मग मी विचारलं, "आणि देवाचा जॉब? तोही तुम्हीच विकला?"

 मान खाली घालून ते पुटपुटले, "तोबी मीच."

हा माणूस खोटं बोलतोय हे माझ्या शिपायालाही कळलं. पण कळणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही, हे खरं. अप्पा मात्र न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाऊन तेच सांगायला तयार होते. एकदा तिथं ते सांगून झालं असतं की म्हातारपण तुरुंगात, कारखान्याला कुलूप आणि तीस माणसं घरी. वर देशाच्या शत्रूला माल विकणारा म्हणून नाव पेपरात. मी वेळ काढत होतो आणि वरिष्ठ विचारत होते की आरोपी कबूल आहे तर अडलंय कुठं.

अशात जावई स्वतःहून ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात त्या वेळी नवलाईचा मोबाईल. पेठ वडगावला गोदाम घेऊन परदेशी माल पाठवायचा धंदा त्यानं नुकताच काढलेला. अतिशय गोड बोलला. सासऱ्यांनी बंद पेट्या दिल्या, मी फक्त पुढं पाठवल्या, आत काय आहे मला काय कल्पना. वडीलधाऱ्यांबद्दल असं सांगताना जीव तुटतो, पण देशापुढं नातं काय, मी सरकारपक्षाचा साक्षीदार व्हायला तयार आहे, म्हणाला. मी त्याला चहा पाजला. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते उगीच नाही, असं तो गेल्यावर हवालदार म्हणाले. माझं डोकं तापलं होतं, पण रागाचा पंचनामा होत नाही. त्याच्याविरुद्ध माझ्याकडं कागदाचा कपटाही नव्हता. पत्ता खोटा होता, सह्या वाचता येत नव्हत्या. त्याला आत घालू शकेल असं एकच माणूस होतं, आणि तो म्हातारा तोंड उघडत नव्हता.

का उघडत नव्हता, हे मला कळत होतं. एकुलती एक लेक त्या घरात दिलेली. जावयाला आत घातलं की लेकीचं कपाळ आपल्याच हातानं पुसल्यासारखं. त्यापेक्षा आपण जावं, असा हिशेब त्यांनी मनाशी केला होता.

अप्पांना न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं न्यायचं त्या सकाळी हजेरी घेऊन मी बाहेर आलो तर व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई बसलेली. तिशीची, डोक्यावर पदर, गळ्यात लिंग आणि मंगळसूत्र. ती अप्पांची लेक होती. बावड्याहून चालत आली होती, कारण रिक्षात बसले असते तर वाटेतनं परत फिरले असते, म्हणाली. महिला शिपायाला बोलावून मी तिला आत बसवलं. पाणी दिलं. ती प्यायली नाही. एकदम म्हणाली, "साहेब, चावी मी दिली. अप्पा खोटं बोलाल्यात."

मग तिनं सगळं सांगितलं. जॉब नेमके कुठल्या डिस्टिलरीला जाणार हे जावई सांगेना, तेव्हा अप्पांनी काम थांबवलं होतं. तयार झालेले जॉब कारखान्यात कुलूप लावून ठेवले आणि आधी गिऱ्हाइकाचं नाव सांग, मग माल ने, असं जावयाला बजावलं. त्यानंतर ती माहेरी आली असताना नवऱ्यानं तिच्याकडून देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावरची कारखान्याची चावी मागून घेतली. एक नकाशा राहिलाय, घेऊन येतो, म्हणाला होता. तिनं दिली. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सगळे जॉब गेलेले, आणि फळीवरचा पण. अप्पा घरी आले, त्यांनी खिळ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि न बोलता जेवायला बसले. त्या दिवसापासून या विषयावर घरात एक शब्द निघाला नव्हता.

मी नीट ऐकून घेतलं आणि मग माझं कर्तव्य म्हणून तिला सगळं स्पष्ट सांगितलं. बाई, तुम्ही हे लिहून दिलंत की तुमचा नवरा आत जाईल. बहुतेक बरीच वर्षं. सासर तुटेल. तुम्हाला कुणी जबरदस्ती केलेली नाही, अजून उठून गेलात तरी मी अडवणार नाही. ती म्हणाली, "अप्पा आत बसायचे, आन् मी ह्यांच्या पंगतीला बसून जेवायचं? घास तरी उतरंल काय, साहेब?"

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. का उठलो ते मला आजही सांगता येत नाही. वरिष्ठ आले की उठायची सवय असते, तसा उठलो.

सरकारी वकिलांनी लगेच कपाळावर हात मारला. नवरा बायकोशी काय बोलला हे कायद्यानं कोर्टात सांगता येत नाही. पण तिनं स्वतःच्या हातानं काय केलं, डोळ्यांनी काय पाहिलं, ते सांगता येतं. चावी दिली, तो ती घेऊन टेम्पोत बसून गेला, एवढं चालत होतं. बाकी पुरावा आम्ही उभा करायचा. अप्पांचा दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब मी त्या दिवशी टाळला आणि गाड्या पेठ वडगावला काढल्या. टेम्पोवाला बाजारातच सापडला. त्याला काही लपवायचं कारणच नव्हतं. जावईबापूंचं भाडं मारलं म्हणाला, आणि कारखान्यातून कुठं नेलं ते दाखवलं.

गोदाम झाडून-पुसून लख्ख केलेलं. पण झाडणारा माणूस जमिनीवरच्या फळ्यांच्या फटी झाडत नाही. जॉबवरची अप्पांच्या कारखान्याची ओतीव खूण घासून काढताना पडलेला कीस तिथं अडकला होता. पंचांसमोर तो पिशवीत घेतला, सील केला. मुंबईहून कस्टमचा माझा मित्र ते पिस्तूल घेऊन आला. पिशवीला टेकवलं, घोडा दाबला आणि पडद्यावर तोच धातू उमटला. पंच म्हणून आणलेले दोघे बाजारातले अडते होते. ते बघून त्यांनी यंत्रालाच नमस्कार केला. मी हसलो नाही. चिमूटभर धुळीनं बोलावं याचं मलाही तितकंच नवल वाटत होतं. कुठल्या परक्या देशातल्या लोकांच्या कराचा पैसा, त्यातून आलेलं यंत्र, आणि ते वडगावच्या बाजारात एका म्हाताऱ्याच्या बाजूनं साक्ष देत होतं.

जावयाला समोर बसवलं. कीस, टेम्पोवाला, चावी, सगळं एकेक करून पुढं ठेवलं. ठाण्यात आला होता तेव्हाचं गोड बोलणं गळून पडलं. परदेशी पार्टीला शब्द दिला होता, म्हातारा उगीच आडवा आला, जगात सगळेच असं करतात, असं बोलत राहिला. मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न मी शेवटी विचारला. बाकीचे जॉब नेलेस ते समजलं. फळीवरचा का नेलास? तो नसता नेलास तर मी तुझ्यापर्यंत कधी पोचलो नसतो.

त्याला प्रश्नच कळला नाही. "एक कमी पडत होता," तो म्हणाला. "लोखंड ते लोखंड, साहेब. त्यात देव कुठनं आला?" पुसायलाही त्यानं कष्ट घेतले नव्हते. बूच बसवलं आणि पेटीत टाकला. एवढा शिकलेला माणूस, ज्या घराची मुलगी केली त्या घरात काय पवित्र आहे हे त्याला माहीत नव्हतं. ही चूक परक्या चोरानंही केली नसती. त्यानं फळीला हात लावायच्या आधी दोनदा विचार केला असता.

अप्पांना सोडलं तेव्हा लेक ठाण्याच्या आवारात उभी होती. ते बाहेर आले, थांबले. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी कानडीत काही तरी विचारलं.  मग मराठीत म्हणाले, "मला जाऊ द्यायचं हुतंस. माझं काय, चार दिस राहिल्यात." आणि तिच्याकडं न बघता पुढं चालायला लागले. ती दहा पावलं मागं ठेवून त्यांच्या मागून गेली. मी फाटकापर्यंत बघत होतो. ज्या बापासाठी तिनं घर मोडलं होतं, तो रागावला होता, आणि तिला त्याचं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

चोरी, फसवणूक आणि बनावट कागद आमच्याकडं, निर्यातीचा गुन्हा कस्टमकडं, असा खटला चालला. वर्षं गेली. साक्षीच्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली. समोर नवरा, मागच्या बाकावर सासू. बचावाच्या वकिलांनी तिच्या चारित्र्यापर्यंत जाऊन बघितलं. ती प्रत्येक वेळी एवढंच सांगत होती की चावी मी दिली आणि ते ती घेऊन गेले. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. नवऱ्याबद्दल वाईट बोलायची संधी वकिलांनीच तिला दोन-तीनदा दिली. तिनं ती घेतली नाही. जावयाला शिक्षा झाली.

अनुदानाचा उपयोग कसा झाला हे बघायला पुण्याची ती पिकल्या केसांची बाई नंतर कोल्हापूरला आली. तिला मी अप्पांच्या कारखान्यात नेलं. कुणी न सांगता तिनं दारात बूट काढले. फळी बघितली. गुलालाचा किस्सा ऐकून हसली, मग लेकीची हकीकत ऐकली आणि हसू थांबलं. साक्षीदाराला सरकारनं संरक्षण काय दिलं, तिच्या पोटापाण्याची काय सोय केली, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, काही नाही.  जाताना तिनं नेहमीचा सरकारी प्रश्न विचारला की अजून कशाची गरज आहे. मी दोन गाड्या आणि एक संगणक मागणार होतो. मागवेना. मी म्हणालो की तुमचं यंत्र फार चांगलं आहे, बाई, पण या केसमध्ये जे लागलं ते तुमच्या किंवा आमच्या सरकारला देता येण्यासारखं नाही. ती म्हणाली, तिला माहीत आहे.

निवृत्त झाल्यावर एकदा उद्यमनगरातून चाललो होतो, पाय आपोआप वळले. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक टेबलामागं बसून एका गिऱ्हाइकाला सांगत होती की जॉब कुठं बसणार ते सांगितल्याशिवाय नकाशाला हात लावणार नाही. तो चिडून निघून गेला, तिनं शांतपणे पुढचं काम हातात घेतलं. मला बघून उठली. लेथवर एक माणूस पाठमोरा काम करत होता, केस पांढरे झालेले. तो वळला आणि मी ओळखलं. शिक्षा भोगून आलेला जावई. त्यानं माझ्याकडं बघितलं, हात जोडले नाहीत, तोंडही चुकवलं नाही. आत गेला आणि स्वतः चहा घेऊन आला. माझ्यापुढं ठेवून पुन्हा लेथवर गेला.

गुन्हेगार ओळखण्यात माझी हयात गेली. लोक दोन प्रकारचे, असं मला वाटायचं. नातं धरून खोटं बोलणारे आणि खरं बोलून नातं तोडणारे. साक्षीदार फिरला की मी त्याला शिव्या द्यायचो, टिकला की पाठ थोपटायचो, आणि निकाल लागला की फाईल बंद. आमची केस निकालाला संपते. तिची तिथून सुरू झाली होती, हे त्या कारखान्यात चहाचा कप हातात धरून बसलो तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं.

त्याला तुझा राग नाही का, मी हळूच विचारलं. म्हणाली, "हाय की. जायचा न्हाय तो. माझाबी गेला न्हाय. पर अप्पांना खांदा ह्यांनीच दिला."

मग घरात घेतलंस कसं, असं माझ्या तोंडून निसटून गेलं. विचारायला नको होतं. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

"मी ठाण्यात खरं सांगायला आलते, साहेब," ती म्हणाली. "नवरा टाकायला न्हाय."